पहिलं नेटिव्ह अ‍ॅप शिकायचंय? डब्यांच्या हिशोबापासून सुरुवात करा

अ‍ॅप बनवायला शिकायचं ठरवलं की बहुतेक जण आधी व्हिडिओंची यादी जमवतात, मग क्लासची फी विचारून येतात आणि मग ‘कोणती भाषा बरी’ यावर महिना घालवतात. यातलं काहीच न करता शिकता येतं. ओळखीतल्या एखाद्या माणसाचा रोजचा, छोटा हिशोब निवडा आणि प्रोग्रॅमिंगमधलं जे जे लागेल ते त्या एकाच अ‍ॅपच्या निमित्ताने शिका. कॅल्क्युलेटर, हवामान, कामांची यादी ही सरावाची नेहमीची उदाहरणं मी कुणाला सुचवत नाही. ती चुकली तरी कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे ती अर्धवटच राहतात.

या लेखात मी घरगुती डब्यांचा हिशोब धरलाय. परळ-लालबागपासून डोंबिवलीपर्यंत डबे देणाऱ्या काकू प्रत्येकाच्या ओळखीत निघतात. कुणाचा पूर्ण डबा, कुणाच्या नुसत्या पोळ्या, कुणी गावाला गेलं की आठवडाभर खाडे, आणि महिनाअखेरीला वहीतल्या खुणा मोजून प्रत्येकाचं बिल. तुमच्या घरी भिशी असेल, सोसायटीच्या टँकरची नोंद ठेवावी लागत असेल किंवा दूधवाल्याचे खाडे असतील, तर ते घ्या. एकच अट आहे: वापरणारी व्यक्ती तुम्ही स्वतः नसावी.

अँड्रॉइड की आयफोन

नेटिव्ह म्हणजे त्या फोनच्या यंत्रणेसाठी तिच्याच भाषेत आणि साधनांत लिहिलेलं अ‍ॅप. अँड्रॉइडवर आज ती भाषा कोटलिन, आयफोनवर स्विफ्ट. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरून एकाच कोडमधून दोन्हीकडे चालणारं अ‍ॅप बनवता येतं आणि त्यांना कामही आहे. पण कॅमेरा, नोटिफिकेशन, बॅकग्राउंडला मारलं जाणारं (फोनने आपोआप बंद केलेलं) अ‍ॅप अशा गोष्टी अडल्या की तिथेही शेवटी नेटिव्ह बाजू उघडावी लागते. म्हणून सुरुवात इथून.

निवड मात्र सोपी आहे. काकूंच्या हातात कोणता फोन आहे? बहुधा अँड्रॉइड. शिवाय आयफोनसाठी कोड लिहायचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. फुकटच्या अ‍ॅपल खात्यावरून स्वतःच्या फोनमध्ये टाकलेलं अ‍ॅप सात दिवसांनी चालायचं थांबतं, पुन्हा टाकावं लागतं, आणि अ‍ॅप स्टोअरसाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. घरात मॅक असेल तर स्विफ्ट आणि स्क्रीन बनवण्याचं स्विफ्टयूआय जरूर शिका. पुढचा विचार तसाच लागू पडेल, नावं तेवढी बदलतील. बाकीच्यांसाठी अँड्रॉइड.

एक गोष्ट शिकवण्या शोधताना लक्षात ठेवा. गुगलने कोटलिनला २०१७ मध्ये अधिकृत मान्यता दिली, २०१९ पासून तीच पहिल्या पसंतीची भाषा केली, आणि स्क्रीन बनवण्याचं जेटपॅक कम्पोज २०२१ च्या जुलैत स्थिर झालं. त्याआधीच्या शिकवण्यांमध्ये जावा ही भाषा आणि स्क्रीनच्या मांडणीसाठी एक्सएमएल लेआउट असतात. ते चूक नाहीत, जुन्या कंपन्यांत अजून तोच कोड सांभाळला जातो. पण नवख्याने दोन्ही एकत्र शिकायला घेतलं तर गोंधळ ठरलेला. ‘फाइंड व्ह्यू बाय आयडी’ ही जुन्या पद्धतीची खूण दिसली की तो व्हिडिओ बंद करा. गुगलचाच ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कम्पोज’ हा कोर्स फुकट आहे आणि पुरेसा आहे.

लॅपटॉप, फोन आणि एक नीट केबल

कोड लिहायचा अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबी रॅमवर उघडतो, पण सोबत एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, चालवला की लॅपटॉप रडकुंडीला येतो. १६ जीबी असेल तर उत्तम. लॅमिंग्टन रोडला जुना लॅपटॉप घ्यायला जाणार असाल तर प्रोसेसर किती नवा यापेक्षा रॅम वाढवता येते का आणि एसएसडी आहे का हे आधी विचारा. डिस्कवर तीसेक जीबी मोकळी ठेवा. पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडल्यावर ग्रेडल नावाचं साधन बरंच काही डाउनलोड करत बसतं. ते घरच्या वायफायवरच होऊ द्या आणि मधेच बंद करू नका.

एम्युलेटर टाळून खरा फोन जोडा, हा माझा आग्रह आहे. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खालच्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात, त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करा. काही कंपन्यांच्या फोनवर बिल्ड नंबर वेगळ्या ठिकाणी लपवलेला असतो, थोडं शोधावं लागतं. फोन जोडूनही स्टुडिओला दिसत नसेल तर सर्वात आधी केबल बदला. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही डिबगिंग होतं.

नवा प्रोजेक्ट उघडताना ‘एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी’ हा साचा निवडा. ‘एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटी’ हा जुन्या पद्धतीचा आहे. किमान आवृत्ती अँड्रॉइड ८, म्हणजे एपीआय २६ ठेवा. तारखांसाठी ‘लोकलडेट’ हा चांगला वर्ग (कोटलिनमधला तयार क्लास) तिथपासून जास्तीची जोडणी न करता मिळतो, आणि आपलं निम्मं अ‍ॅप तारखांवरच उभं आहे.

कोड नंतर, वही आधी

आता लॅपटॉप बंद करा आणि काकूंकडे वही बघायला जा. हा टप्पा वगळणारे जास्त, आणि अ‍ॅप फसतं ते इथेच. ‘काकू, तुम्ही खाडा कसा लिहिता?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग कळतं की त्या दिलेल्या डब्याची खूण करतच नाहीत, फक्त खाड्यावर फुली मारतात. म्हणजे तुमच्या अ‍ॅपमध्येही डबा गृहीत धरायचा आणि खाडाच नोंदवायचा. कळतं की डब्याचा दर जानेवारीत बदलतो, पण जुन्या गिऱ्हाइकांना दोन महिने जुनाच दर चालतो. कळतं की सकाळ आणि रात्र वेगळी मोजतात.

मग कागदावर तीन चौकोन काढा. पहिल्यात आजची गिऱ्हाइकांची यादी, प्रत्येकापुढे सकाळ आणि रात्र. दुसऱ्यात एका गिऱ्हाइकाचा महिना. तिसऱ्यात नवं गिऱ्हाईक जोडण्याचा फॉर्म. लॉगिन नको, आलेख नकोत, रंगसंगतीची निवड तर मुळीच नको. या तीन चौकोनांना उरकायलाच बराच काळ लागतो.

स्क्रीनशिवाय कोटलिन

पहिले दोन आठवडे कोटलिन प्लेग्राउंडवर काढा. ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर फोनवरही सराव होतो. काय शिकायचं ते मोजकं आहे. ‘व्हॅल’ आणि ‘व्हार’ यांतला फरक: पहिल्याला नवी किंमत देता येत नाही, दुसऱ्याला देता येते, शक्य तिथे पहिलाच वापरा. फंक्शन. ‘व्हेन’ने पर्याय तपासणं. ‘डेटा क्लास’, ज्यात गिऱ्हाईक आणि नोंद यांचा आकार ठरतो. आणि याद्या: ‘फिल्टर’, ‘मॅप’, ‘ग्रुपबाय’, ‘सम ऑफ’.

नल हा प्रकार नीट समजून घ्या. एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर काकूंकडे नसतोच. कोटलिनमध्ये असं ‘असेल किंवा नसेल’ मूल्य प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावून सांगावं लागतं, आणि मग नसण्याची सोय केल्याशिवाय कंपाइलर (कोड तपासून फोनसाठी तयार करणारं साधन) पुढे जाऊ देत नाही. सुरुवातीला ही कटकट वाटते. दोन उद्गारचिन्हं लावून ती गप्प करता येते, पण तसं केलेल्या प्रत्येक जागी अ‍ॅप कधीतरी बंद पडणार हे धरून चाला.

सराव एकच करा: दहा नोंदींची यादी हाताने लिहा आणि त्यातून प्रत्येक गिऱ्हाइकाचं महिन्याचं बिल छापणारं फंक्शन बनवा. काकूंच्या वहीतल्या खऱ्या बिलाशी ते जुळलं की पुढे सरका. हेच फंक्शन जसंच्या तसं नंतर अ‍ॅपमध्ये जाणार आहे.

कम्पोज आणि स्टेट

कम्पोजमध्ये स्क्रीन म्हणजे फंक्शन. ‘कॉलम’ गोष्टी एकाखाली एक ठेवतो, ‘रो’ शेजारी शेजारी, आणि ‘लेझी कॉलम’ लांब यादीतला दिसतो तेवढाच भाग बनवतो. हे एका संध्याकाळी जमतं. अडतं ते स्टेटपाशी, म्हणजे स्क्रीन ज्या माहितीवर चालते तिच्यापाशी, म्हणून तिथे वेळ द्या.

फलाटावरच्या इंडिकेटरवर ‘अंधेरी धीमी, २ मिनिटं’ दिसतं तेव्हा कुणी पाटी पुसून नवी रंगवत नाही. मागची माहिती बदलते आणि पाटी आपोआप तिच्याशी जुळते. कम्पोज तसंच चालतं. ‘बटणावर खाडा लिही’ अशी आज्ञा तुम्ही देत नाही. ‘आज खाडा आहे’ ही माहिती बदलता, आणि ती वाचणारी फंक्शनं पुन्हा चालून स्क्रीन नवी होते. नवखे साध्या ‘व्हार’मध्ये ही माहिती ठेवतात आणि मग स्क्रीन बदलतच नाही म्हणून तासभर डोकं धरून बसतात. ‘म्युटेबल स्टेट ऑफ’ने ती बदलण्याची वर्दी कम्पोजला मिळते, ‘रिमेंबर’ ती पुढच्या रेखाटनापर्यंत जपतं.

पण फोन आडवा केला की ‘रिमेंबर’ विसरतं. ‘रिमेंबर सेव्हेबल’ आडव्या-उभ्यातही टिकतं आणि यंत्रणेने अ‍ॅप मारून टाकल्यावरही छोटी माहिती परत देतं. व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीनची माहिती सांभाळणारा वर्ग, आडव्या-उभ्यात टिकतं, मारल्यावर नाही. कायमचं टिकणारं सगळं डेटाबेसमध्ये. हा फरक पाठ करू नका, करून बघा: नाव अर्धवट टाइप करा, फोन फिरवा. मग डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोंट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ सुरू करून व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन परत या. काकू गिऱ्हाइकाचा पत्ता लिहीत असताना फोन येणार, हे तर रोजचंच आहे.

डेटाबेस, पैसे आणि अंक

फोनमध्ये माहिती साठवायला रूम वापरा. खाली एसक्यूलाइट हा डेटाबेस असतो, रूम त्यावरचा सोयीचा थर. एक तक्ता गिऱ्हाइकांचा, एक नोंदींचा, आणि मधे ‘डाओ’ म्हणजे कोणत्या क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) चालतील त्याची यादी. डाओमधून ‘फ्लो’ परत केला की तक्त्यात नोंद पडताच स्क्रीन स्वतःहून नवी होते. मुख्य थ्रेडवरून, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावरून, थेट क्वेरी केली तर रूम ती नाकारतं आणि अ‍ॅप बंद पडतं. त्यासाठीच कोरूटिन, म्हणजे असं काम बाजूला चालवण्याची सोय, शिकायच्या. तूर्तास ‘सस्पेंड’ फंक्शन आणि ‘व्ह्यूमॉडेल स्कोप’ एवढं पुरतं.

तक्ते आखताना दोन निर्णय आधी घ्या. डब्याचा दर गिऱ्हाइकापाशी असतोच, पण कोणत्या तारखेपासून कोणता दर हेही उतरवून ठेवा, कारण नोंदी फक्त खाड्यांच्या आहेत. नाहीतर जानेवारीत दर बदलला की डिसेंबरचं बिलही बदलेल. आणि गिऱ्हाईक, तारीख, वेळ या तिघांवर मिळून युनिक इंडेक्स लावा, म्हणजे घाईत दोनदा टिचकी पडली तरी दोन खाडे होणार नाहीत.

रक्कम कधीही दशांशात साठवू नका. डबल या दशांश प्रकारात शून्य पूर्णांक एक आणि शून्य पूर्णांक दोन यांची बेरीज नेमकी शून्य पूर्णांक तीन येत नाही. पैशांत, पूर्ण संख्येत साठवा: साडेबहात्तर रुपये म्हणजे ७२५०. दाखवताना भागाकार करा.

आता एक अडचण, जी इंग्रजी शिकवण्यांत सहसा सापडत नाही, कारण ती आपल्यालाच येते. काकूंनी फोन मराठीत ठेवला असेल तर ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ने बनवलेला अंक देवनागरीत येतो. स्क्रीनवर ते छानच दिसतं. पण त्याच पद्धतीने बनवलेली तारीख डेटाबेसमध्ये गेली की अर्ध्या नोंदी देवनागरी अंकांत, अर्ध्या इंग्रजी अंकांत, आणि शोध फसतो. उलट दिशेलाही गंमत आहे: देवनागरी ‘७२’ वर ‘टू इंट’ व्यवस्थित चालतं, पण ‘७२.५’ वर ‘टू डबल’ अ‍ॅप बंद पाडतं. म्हणून साठवण्यासाठी मजकूर बनवताना फोनच्या भाषेवर न अवलंबणारं ‘लोकेल रूट’ स्पष्ट लिहा, तारखा ‘टू इपॉक डे’ने नुसती संख्या म्हणून ठेवा, आणि देवनागरी फक्त दाखवण्यापुरती. चाचणी करताना फोनची भाषा एकदा मराठी करून पूर्ण अ‍ॅप फिरवून बघाच.

मजकूरही कोडमध्ये लिहू नका. स्ट्रिंग्ज फाइलमध्ये ठेवा आणि मराठीसाठी वेगळी फाइल करा. बटणांची उंची ठरावीक ठेवू नका. ‘र्की’, ‘ट्टू’सारखी अक्षरं वर-खाली जागा घेतात आणि ठरावीक उंचीत त्यांची वेलांटी नाहीतर उकार कापला जातो. त्यात मोठ्या माणसांनी सेटिंगमधून अक्षरं मोठी केलेली असतात. दाबायची जागा निदान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक) हवी. कणकेने माखलेल्या हाताला तीही कमी पडते, मी तर आणखी मोठी ठेवेन.

बंद पडलं तर

अ‍ॅप बंद पडलं की लॉगकॅटमध्ये, म्हणजे स्टुडिओतल्या फोनच्या नोंदींच्या खिडकीत, लाल ओळींचा ढीग येतो. वरून खाली वाचू नका. ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी शेवटची ओळ शोधा, आणि तिच्याखाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ. फाइल आणि ओळ क्रमांक तिथे लिहिलेला असतो. तिथे ब्रेकपॉइंट (कोड थांबवणारी खूण) लावून डिबगरमधून चालवा आणि कोणत्या चलात काय आहे ते डोळ्यांनी बघा. कृत्रिम बुद्धिमत्तेला तो ढीग चिकटवून उत्तर मागायला हरकत नाही, पण आधी कारण काय असेल याचा अंदाज स्वतः बांधा. नाहीतर दुरुस्ती होईल आणि शिकणं राहून जाईल.

गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची प्रत जपणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा. एखादी गोष्ट चालू लागली की लगेच कमिट, म्हणजे तो टप्पा जतन. सहीची किल्ली (अ‍ॅप तुमचंच आहे हे पटवणारी फाइल) आणि तिचा पासवर्ड मात्र गिटहबवर कधीच चढवू नका.

काकूंच्या फोनमध्ये

काकूंना द्यायला प्ले स्टोअर लागत नाही. सही केलेली रिलीज एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) बनवा आणि त्यांच्या फोनमध्ये स्वतः बसवून द्या. केबलने घाईत डिबग आवृत्ती टाकून येऊ नका. तिची सही वेगळी असते. पुढे रिलीज आवृत्ती तिच्यावर बसत नाही, जुनी काढावी लागते, आणि जुनी काढली की आतल्या नोंदीही जातात.

यापेक्षा मोठा धोका मायग्रेशनचा. नोंदीत ‘नुसत्या पोळ्या’ असा नवा रकाना जोडलात तर रूमची आवृत्ती वाढवून, जुन्या तक्त्यावरून नव्यावर कसं जायचं ते लिहावं लागतं. शिकवण्यांमध्ये त्याऐवजी ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ असा एका ओळीचा सोपा उपाय सर्रास दिसतो. तो सगळे तक्ते पुसून नव्याने मांडतो. सरावात चालतं, कुणाचा खरा हिशोब असलेल्या अ‍ॅपमध्ये मुळीच नाही. पहिले दोन महिने काकूंना वहीही चालू ठेवायला सांगा आणि दर अपडेटआधी जुनी आवृत्ती, त्यात खोट्या नोंदी, वर नवी आवृत्ती असं स्वतःच्या फोनवर करून बघा. बिल मजकूर म्हणून ‘शेअर’ करण्याचं बटण द्या. इंटेंट (दुसऱ्या अ‍ॅपकडे काम सोपवण्याची सोय) वापरून ते व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, आणि त्यासाठी कॉन्टॅक्ट किंवा एसएमएसची कोणतीही परवानगी मागावी लागत नाही.

मग समोर बसून बघा. सांगू नका, बोट दाखवू नका. ‘अरे, हे परत मागे कसं जायचं?’ असं त्यांनी विचारलं की तुमची पुढची दुरुस्ती ठरली.

प्ले स्टोअरवर टाकायचंच असेल तर नोंदणी एकदाच, २५ डॉलर. ऑगस्ट २०२१ पासून नव्या अ‍ॅपसाठी एपीकेऐवजी अ‍ॅप बंडल लागतं. अ‍ॅपचा आयडी प्रसिद्ध झाल्यावर बदलता येत नाही, त्यामुळे साच्यातलं ‘एक्झाम्पल’ असलेलं नाव आधीच बदला. प्रायव्हसी पॉलिसी आणि डेटा सेफ्टीचा फॉर्म माहिती गोळा करत नसलात तरी भरावा लागतो. आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते: किमान १२ जण, सलग १४ दिवस सामील राहिलेले. सुरुवातीला हा आकडा २० होता. पैसे घेऊन परीक्षक पुरवणारे ऑनलाइन सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. चाळीत किंवा सोसायटीत बारा अँड्रॉइडवाले सहज निघतात. त्यांचे जीमेल पत्ते आधी गोळा करा, सगळ्यांकडून चाचणीचं आमंत्रण समोर बसून स्वीकारून घ्या, आणि त्यातल्या दोघा-तिघांचे फोन मुद्दाम जुने, स्वस्त आणि मराठीत चालणारे असतील असं बघा.